काकांच्या वाट्याचा बर्फ

२०२२चं धुलिवंदन नुकतंच झालं होतं. दिवस बुडाला तरी अंगणातली फरशी पायाला पोळत होती. लाइट गेलेली. काकू उरल्यासुरल्या उजेडात सुपातली तूर निवडत होत्या, पोरांच्या कानांमागं अजून रंग होता आणि काका बाजेवर उताणे पडून दुपट्ट्यानं वारा घेत होते. मी मोबाइलवर एक बातमी वाचत होते. पोरांनी काय वाचून राह्यली म्हणून विचारलं तेव्हा मोठ्यानं वाचायला लागले. अंटार्क्टिकाच्या पार आतल्या भागात, समुद्रसपाटीपासून ३,२०० मीटरहून जास्त उंचीवर, कॉन्कॉर्डिया नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथं १८ मार्चला, म्हणजे आम्ही इकडं रंग खेळत होतो त्याच दिवशी, पारा उणे ११.८ अंशांवर चढला होता. मार्चमध्ये तिथं उणे ५०च्या आसपास असतं. "उने अकराले गरम म्हन्तेत?" काकूंनी सूप थांबवून विचारलं. मग लगेच, "अन् एवढ्या थंडीत तिथं राह्यते कोन?" मी सांगितलं, फ्रान्स आणि इटलीची माणसं असतात, हिवाळ्यात दहा-पंधराच, मोजमापं घेतात. बातमीच्या शेवटी कोळशाचा, तेलाचा, तापत्या हवेचा नेहमीचा परिच्छेद होता. तो वाचून झाला आणि काका उठून बसले.

"बाई, मी जो कोळसा भरला, त्याच्यानं तिकडचा किती बरफ गेला असन, हे काढता येते का वं?"

बोलण्यात खंत नव्हती, थट्टाही नव्हती. हिशेब विचारायचा त्यांचा नेहमीचा सूर होता. मी पाहून सांगते म्हटलं. लाइट आली, कूलर घरघरायला लागला, जेवणं झाली. पण तो प्रश्न माझ्यासोबत तालुक्याच्या गावी आला, शाळेत आला, नववीच्या विज्ञानाच्या तासाला माझ्या डोक्यात फिरत राहिला. तापमानवाढ मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. फळ्यावर जे आकडे लिहिते ते देशांचे असतात, उद्योगांचे असतात. एका माणसाचा वाटा, तोही ज्यानं माझी फी भरली त्या माणसाचा, मला कुणी कधी विचारला नव्हता.

आमचं गाव वणीच्या बाजूला. वर कापूस-तुरीची काळी माती, खाली कोळसा. आजोबांच्या वेळी वावराचा एक तुकडा खदानीत गेला आणि त्याच्या बदल्यात काकांना लोडरची नोकरी लागली. अंडरग्राउंड खदान. सुरुंग उडाले, छत ठोकून पाहिलं, लाकडाचे टेकू लागले की लोडरनं आत जायचं आणि बेलच्यानं टब भरायचे. पाळी संपवून काका घरी आले की मोरीतून काळं पाणी निघायचं आणि परसातल्या कर्दळीच्या मुळाशी जायचं. कर्दळ जोमानं फुलायची. त्यांच्या नखांच्या कडा निवृत्तीनंतरही काळ्याच राहिल्या. माझे बाबा उरलेली कोरडवाहू शेती करायचे; कधी पाऊस दगा द्यायचा, कधी बोंडअळी, कधी भाव. त्या वर्षांत घर काकांच्या पगारावर चाललं. नागपुरातलं माझं वसतिगृह, माझी पुस्तकं, माझं बी.एस्सी. त्याच पगारातून झालं. म्हणून कुणी नाकाला रुमाल लावून कोळशाबद्दल बोलायला लागलं की मला राग येतो. आणि रस्त्याकडेच्या वावरात ट्रकांच्या धुळीनं काळवंडलेला कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या की तोच राग उलट्या दिशेला वळतो. दोन्ही राग माझ्यात एकाच वेळी नांदतात आणि त्यांचं एकमेकांशी आजवर जमलेलं नाही.

एकदा काकांनी खदानीतून एक चपटा दगड घरी आणला होता. त्यावर पानाचा ठसा होता. लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्यापासून दोन्ही अंगांना निघालेली बारीक शिरांची जाळी. आजी म्हणाली, मोहाचं पान दिसते. काका म्हणाले, माय, एवढ्या खाली मोहाचं झाड कुठून येईल. दगड कोनाड्यात राहिला, दिवाळीला पुसला जायचा. कॉलेजात गेल्यावर मला त्या पानाचं नाव कळलं, ग्लॉसोप्टेरिस. आपल्या कोळशातला मोठा हिस्सा ज्या रानांपासून झाला, त्या रानांतलं हे झाड. आता पृथ्वीवर कुठंही नाही.

त्या १८ मार्चबद्दल मी नंतर मिळेल ते वाचत गेले. कॉन्कॉर्डियाचं तापमान त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साधारण ३८.५ अंशांनी जास्त होतं. कुठल्याही ठिकाणी सरासरीपासून इतकी मोठी तफावत याआधी मोजली गेलेली नाही, असं त्या घटनेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणतात. हा आकडा मला काही केल्या पचेना, म्हणून मी तो आपल्या अंगणात आणून पाहिला. आमच्याकडं मार्चच्या दुपारी छत्तीस-सदतीस अंश असतात. त्यात साडेअडतीस मिळवा. पंचाहत्तर. त्या उन्हात कुणी उभं राहणार नाही, झाड नाही, ढोर नाही. उणे पन्नासचं उणे अकरा झालं तर मरणारं तिथं कुणी नव्हतं, म्हणून जगाला ते आकड्यापुरतं कळलं. आणि आपण इकडं आपल्याच उन्हात होतो. तो मार्च १९०१पासूनच्या नोंदींमधला भारतातला सर्वांत तापलेला मार्च ठरला. देशभराचं सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश. विदर्भात पारा होळीच्या सुमारासच चाळिशी ओलांडून गेला. पळस फुललेला होता आणि त्याच्याकडं पाहायला दुपारी बाहेर पडणं होत नव्हतं. मोह वेचणाऱ्या बाया पहाटे चारलाच टोपल्या घेऊन निघायच्या.

तिकडं झालं असं, की ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या समुद्रावरून बाष्पानं भरलेल्या हवेचा एक लांबच लांब पट्टा निघाला. अशा पट्ट्याला वातावरणीय नदी म्हणतात. एरवी ही ओल किनाऱ्याच्या आसपास बर्फ होऊन पडून जाते. त्या आठवड्यात शेजारी उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं होतं. त्यानं ही ऊबदार, ओली हवा सरळ खंडाच्या आत, पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर ढकलली. ढग आले आणि जमिनीवरून आकाशात निघून जाणारी उष्णता त्यांच्याखाली अडकली. पठारावर काही बर्फ वितळला नाही, उणे अकरा म्हणजे शेवटी उणेच. उलट त्या ओलीनं आतल्या भागात इतका हिम पडला की त्या खंडाच्या बर्फात भरच पडली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याला वाईट बातमी सगळीकडून वाईटच हवी असते, आणि निसर्ग तसा वागत नाही. पण किनाऱ्यावर त्याच दिवसांत कॉन्गर नावाचा सुमारे १,२०० चौरस किलोमीटरचा तरंगता हिमस्तर फुटून विखुरला. तो आधीपासून झिजत आलेला होता. उष्ण वारा आणि उसळलेला समुद्र त्याला शेवटचे ठरले. असे तरंगते स्तर फुटल्यानं समुद्र लगेच वर येत नाही, ते आधीच पाण्यात असतात. त्यांच्या मागं जमिनीवरचा बर्फ अडलेला असतो, आणि अडसर गेला की तो समुद्राकडं वेगानं सरकू लागतो. अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पावर २००२मध्ये लार्सेन-बी नावाचा ३,२५० चौरस किलोमीटरचा स्तर काही आठवड्यांत असाच मोडला होता आणि मागच्या हिमनद्यांचा वेग वाढलेला लोकांनी उपग्रहावरून पाहिला. पूर्व अंटार्क्टिका मात्र थंड, कोरडा, निर्धास्त भाग समजला जायचा.

लहानपणी आमच्या गावात बर्फ यायचा तो लग्नात. मे महिन्यातली लग्नं, नवतपा लागलेला किंवा लागायच्या बेतात. वणीहून जीपच्या टपावर बर्फाची लादी यायची, लाकडाच्या भुशात घोळून तरटात गुंडाळलेली. पोहोचेपर्यंत निम्मी झालेली असायची आणि टपावरून गळणारं पाणी आम्ही तळव्यांवर झेलायचो. मग कुणीतरी सब्बल घेऊन ती फोडायचं आणि तुकडे मांडवातल्या ड्रममध्ये जायचे. माझं काम ड्रमजवळ उभं राहून पाणी वाढायचं. तेव्हा एक गोष्ट मी पाहून ठेवली होती आणि तिचं कारण कळायला दहावी उजाडली. वर ऊन कितीही असू द्या, ड्रममध्ये बर्फाचा एवढासा तुकडा तरंगत असेपर्यंत पाणी गार राहायचं. तो शेवटचा तुकडा विरला की पुढच्या पंगतीपर्यंत पाणी कोमट. शून्य अंशाचा बर्फ वितळवून त्याचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता त्या पाण्याला दिली तर ते ८० अंशांच्या आसपास तापतं. बर्फ आहे तोवर ऊन त्याला वितळवण्यात खर्ची पडतं. तो गेला की तेच ऊन पाण्याला लागतं.

उत्तर ध्रुवाच्या समुद्रात हेच चालू आहे, आणि तिथं आणखी एक भर आहे. हिमाच्छादित बर्फ अंगावर पडलेल्या उन्हाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. उघडा समुद्र दहा टक्केसुद्धा फेकत नाही, बाकी सगळं गिळतो. म्हणजे जेवढा बर्फ जाईल तेवढं पाणी उन्हाला उघडं पडेल आणि तेवढा आणखी बर्फ जाईल. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापत आल्याचं २०२२मध्ये दाखवलं गेलं. सप्टेंबर हा तिथला सर्वांत कमी बर्फाचा महिना. २०१२च्या सप्टेंबरात तो ३४ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरला होता, उपग्रहांच्या नोंदीत सर्वांत कमी. सायबेरियात, आर्क्टिक वर्तुळाच्या वर, व्हर्खोयान्स्क नावाचं गाव आहे. हिवाळ्यातल्या थंडीसाठी जगात ओळखलं जातं. २० जून २०२०ला तिथं ३८ अंश नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेनं ते तपासून मान्य केले. आमच्या मार्चचं ऊन तिथं जूनमध्ये.

ग्रीनलंडची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. बर्फाच्या त्या अवाढव्य थराच्या माथ्यावर, ३,२१६ मीटर उंचीवर, समिट नावाचं केंद्र आहे. १४ ऑगस्ट २०२१ला तिथं काही तास पाऊस पडला. हिम नाही, पाऊस. त्या माथ्यावर पाऊस पडल्याची याआधी नोंदच नाही. किती पडला हे नीट सांगता आलं नाही, कारण तिथं पर्जन्यमापक नव्हतं. पाऊस पडेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, तर ते बसवणार कोण? पर्जन्यमापक ही आमच्याकडं किती जिवाभावाची वस्तू आहे हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. महसूल मंडळाच्या मापकात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर अतिवृष्टी, नाहीतर नाही. तुमच्या वावरातून नाला वाहून गेलेला असो, मंडळाच्या गावी त्या रात्री पाऊस कमी पडला असेल तर कागदावर तुमचं काही बिघडलेलं नसतं. मापक नसलेल्या ठिकाणी पडलेल्या पावसाचं काय होतं हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. म्हणून समिटवरची ती चार-दोन माणसं काचेवरून ओघळणारे थेंब पाहत काय बोलली असतील, याचा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो.

आणि मग इरई.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या काठी, इरई नावाचं गाव आहे. मी वाचलं होतं की तिथं १८७०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन नावाच्या माणसाला चुनखडीच्या खडकावर ओरखडे सापडले. हिमनदीचे ओरखडे. ज्या चंद्रपूरचं नाव दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत वर असतं, तिथं. एका डिसेंबरात, भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांना सोबत घेऊन मी गेले. नदीचं पाणी उतरलेलं होतं, काठावर वांग्यांच्या वाड्या होत्या. सरांनी आधी हिरवट मातकट थरात अडकलेले गोटे दाखवले. मुठीएवढे, डोक्याएवढे, काही माणसाला हलणार नाहीत असे, आणि वेगवेगळ्या जातींचे. ते या जागचे नाहीत, दुरून आणून टाकलेले आहेत. नदी गोट्यांची प्रतवारी करते, बारीक पुढं नेते, जड मागं ठेवते. बर्फ सगळं एकत्र उचलतो आणि वितळला की जिथल्या तिथं सोडून देतो. मग त्यांनी त्याखालचा चुनखडीचा गुळगुळीत तुकडा दाखवला. त्यावर एकाच दिशेनं गेलेल्या समांतर खाचा. मी चप्पल काढून त्यावर बसले आणि एका खाचेतून बोट फिरवलं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, तळाशी दगड अडकलेला बर्फाचा प्रचंड थर इथून घासत गेला होता. तेव्हा आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती आणि आपला पूर्व किनारा पूर्व अंटार्क्टिकाला चिकटलेला होता.

त्या बर्फाचं पुढं काय झालं, ते काकांच्या टबांमध्ये होतं. हवा तापली, बर्फ हटला, मागं दलदली राहिल्या आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसची रानं उभी राहिली. लाखो वर्षं ती पडत राहिली, गाडली गेली, कोळसा झाली. वर्धा खोऱ्यातला, वणी-चंद्रपूरचा कोळसा तो. तीच रानं जोडलेल्या अंटार्क्टिकातही होती. दक्षिण ध्रुव गाठून परतणाऱ्या रॉबर्ट स्कॉट यांच्या तुकडीनं १९१२च्या फेब्रुवारीत बिअर्डमोर हिमनदीच्या काठावरून दगड गोळा केले. माणसं उपाशी, थकलेली, पाय गारठून सडत चाललेले. तरी त्यांनी ते १६ किलोचं ओझं टाकलं नाही. ती पाचही माणसं परतली नाहीत. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबूत मृतदेह सापडले आणि ते दगडही. त्यांत ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे होते. आमच्या कोनाड्यातलं पान. आजीनं दिवाळीला पुसलेलं. अंटार्क्टिका आपल्यापासून दूर आहे असं म्हणायला त्या दिवसापासून माझी जीभ रेटत नाही.

काकांचा हिशेब मला शेवटी एका शोधनिबंधात सापडला. डर्क नोट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये एक अगदी सरळ नातं मांडलं आहे: हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागं आर्क्टिक समुद्रावरचा सप्टेंबरचा बर्फ सुमारे ३ चौरस मीटरनं घटतो. हे अंटार्क्टिकाचं गणित नव्हे, उत्तरेकडच्या समुद्राचं आहे. पण एका माणसाच्या हाताला लावता येईल असं माप मला दुसरं मिळालं नाही. आपला कोळसा राखेचा, तरी एक टन जाळला की दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे टनामागं साडेचार चौरस मीटर बर्फ. मी गावी गेले तेव्हा काकांना विचारलं, पाळीला किती भरायचे? "अडीच टन धर." अडीच टनांचे अकरा चौरस मीटर. दहा बाय बाराची एक खोली. रोजची.

त्यांनी आम्ही बसलो होतो त्या खोलीकडं पाहिलं. "ही एवढी?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ बोटं मोडत बसले आणि मग जे विचारलं ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. "आमी तर हातानं भरत होतो. आता लोडर कुठं राह्यले? आता खुली खदान, मशिनी. शंभर टनी डंपरचा किती होते?" साडेचारशे चौरस मीटर. "अन् एकर किती मीटरचा?" ४,०४७. त्यांनी मनात भाग दिला. "म्हंजे नऊ डंपरले एकर. नऊ डंपर तं पाहता पाहता होते बाई." शेतकऱ्याच्या घरात एकर हे माप सांगावं लागत नाही. त्यात पेरणी दिसते, निंदण दिसतं, बियाण्याची पिशवी दिसते. ध्रुवावरचा बर्फ लाख चौरस किलोमीटरमध्ये मी कित्येक वर्षं शिकवला, आणि तो पहिल्यांदा मोजता आला तो नऊ डंपरांच्या मापात.

मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, आणि मी घेतली. म्हटलं, काका, तो कोळसा तुमच्या चुलीत गेला नाही. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, त्याची वीज राज्यभर जाते. ज्यांच्या घरी दिवसरात्र एसी चालतो त्यांचा वाटा मोठा. औद्योगिक क्रांतीपासून आजवर इंधनं जाळून जो कार्बन हवेत गेला त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, आपला त्या मानानं फार थोडा. दरवर्षीच्या हिशेबात आता आपण तिसऱ्या क्रमांकावर आलो आहोत, तरी माणशी पाहिलं तर कमीच. हे सगळं खरं आहे आणि मी ते पोटतिडकीनं म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं. "त्यायचा असनच," ते म्हणाले. "पन माहाही आहे ना थोडा." मला वाटलं होतं की वाटा कमी निघाला तर त्यांना बरं वाटेल. त्यांना तो कमी करून नको होता. जन्मभर जे काम केलं, ज्यानं घर उभं राहिलं, त्याचं जे काही झालं ते सगळं त्यांना आपलं म्हणून हवं होतं. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो, आणि तो मला त्यांच्यासमोर कधी बोलून दाखवता आलेला नाही.

गेली काही वर्षं आमच्याकडं सप्टेंबर वैऱ्यासारखा येतो. मृग कोरडा जातो, दुबार पेरणी होते, पीक कसंबसं उभं राहतं आणि सोयाबीन सोंगणीला आली की आभाळ फाटतं. गंज्या वावरात भिजतात. तिसऱ्या दिवशी उचकून पाहावं तर शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटलेला असतो आणि वाफेचा आंबूस वास नाकात शिरतो. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये एक शक्यता मांडली. सायबेरियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ फार घटला की उघड्या पाण्यावरची हवा तापते, त्यातून वायव्य युरोपवर उच्च दाब तयार होतो, वरच्या हवेत त्याच्या लाटा आशियाकडं सरकतात. अरबी समुद्र गरम असेल तर त्याच्या ओलीची जोड मिळून मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होऊ शकते. ते सावधपणे बोलतात. अमुक रात्रीचा पाऊस अमुक बर्फामुळं पडला असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण आपल्या देशानं आर्क्टिकमध्ये २००८पासून हिमाद्री नावाचं केंद्र का चालवलं आहे, २०१४मध्ये तिथल्या खाडीच्या पाण्यात मोजणीची उपकरणं का सोडली, हा प्रश्न आमच्या वर्गात आता कुणी विचारत नाही. मुलांची घरं सोयाबीनवर आहेत.

माझ्या भावाच्या मुलाचं म्हणणं असं, की दोन हंगाम कोंब फुटलेली सोयाबीन पाहिली, आता पुरे. खदान वाढते आहे. उरलेल्या वावरातलं नदीकडचं शेत नव्या हद्दीत येतंय आणि जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळायची शक्यता आहे. काकूंना वाटतं त्यानं घ्यावी. लग्नाचं वय झालंय, शेतीवाल्याला पोरगी कोणी देत नाही. वहिनींना ते शेत सोडवत नाही, तिथं त्यांनी सीताफळाची झाडं लावली आहेत. मी त्याला काय सांगू? बर्फाबद्दल जे मला ठाऊक आहे ते त्यालाही ठाऊक आहे, माझ्याच वर्गात बसून शिकला तो. मी नको म्हटलं तर पुढच्या सप्टेंबरात त्याच्या घरी काय शिजेल याचं उत्तर माझ्यापाशी असायला हवं, आणि ते नाही. जा म्हणायला मात्र तोंड उघडत नाही. त्यानं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय. मधल्या काळात दोन गावांत सौर कृषिपंप बसवायला गेला होता आणि ते काम त्याला आवडलं होतं, पण ते कंत्राटी, पैसे सहा-सहा महिने अडकतात. एका रात्री यावरून वाद बराच वेळ चालला. काकांनी शेवटी एवढंच सांगितलं, "जायचं तं जाय. पन डंपरवर नको. वर्कशॉपात जाय, तारांचं काम शीक, ते कुठंही कामी येते." अर्ज लिहायला मला बसवलं. पदाच्या रकान्यात मी इलेक्ट्रिशियन लिहिलं आणि सातबारा, वारसाचा दाखला, आयटीआयचं प्रमाणपत्र एकत्र टाचून दिलं. मोजणीवाले पुढच्या आठवड्यात येणार आहेत. वहिनींनी सीताफळाची झाडं पंचनाम्यात एक-एक करून मांडायला सांगितली आहेत, आणि ती मोजायला मी जाणार आहे.